सोळा दिवसांची मालकीण

जबलपूरच्या खिलोनाबाई ३ जुलै १९५६ रोजी वारल्या. दिगंबर जैन पोरवाल घराण्यातली ही वृद्ध आजी. घरात नातवंडं मोठी झालेली आणि एकत्र कुटुंबाच्या वाटणीचा दावा कोर्टात चाललेला. वर्षभर आधी, २९ जुलै १९५५ ला, न्यायालयानं प्राथमिक हुकूमनामा केला होता आणि त्यात आजीचा हिस्सा एक चतुर्थांश धरला होता. रुपयात चार आणे. पण ते चार आणे कागदावरच होते. प्रत्यक्ष वाटे पडले नव्हते, बाईंच्या हातात काही आलं नव्हतं. वरच्या कोर्टात अपील चालू असतानाच त्यांनी डोळे मिटले.

तेव्हा जबलपूर, आपलं निमाड आणि नागपूर ही सगळी एकाच राज्यात होती. इच्छापूरच्या पुढे आज जी राज्याची हद्द लागते, ती आणखी चार महिन्यांनी, १ नोव्हेंबरला पडायची होती. दिल्लीत मात्र एक मोठी गोष्ट घडून गेली होती. १७ जून १९५६ ला हिंदू उत्तराधिकार कायदा लागू झाला होता. १७ जून ते ३ जुलै म्हणजे सोळा दिवस. या सोळा दिवसांत खिलोनाबाई त्या चार आण्यांच्या मालकीण झाल्या होत्या की नव्हत्या, या प्रश्नाचा निकाल लागायला पुढची सहा वर्षं गेली.

हायकोर्ट म्हणालं, नाही. वाटणी पुरी होण्याआधीच बाई गेल्या, तेव्हा त्यांचा हिस्सा कुटुंबाच्या मिळकतीत परत मिसळला. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, हो, मालकीण झाल्या होत्या. ‘मुन्नालाल विरुद्ध राजकुमार’ या नावानं हा निकाल वकिलांच्या पुस्तकांत आहे. आपल्या मंदिरात स्वाध्यायाला बसणाऱ्या किती जणींना तो ठाऊक असेल? खटला जैनांचा, आपल्याच राज्यातला, आणि फायदा देशभरच्या बायकांना झालेला. म्हणून तो नीट सांगावासा वाटतो.

आधी १९५६ पूर्वी विधवेला काय मिळत असे, ते पाहू. मुलगा नसेल आणि नवरा भावांपासून विभक्त असेल, तर त्याची मिळकत बायकोकडे येई, पण हयातीपुरती. उत्पन्न तिनं खावं, पण विकायचं झालं तर ‘कायदेशीर गरज’ दाखवावी लागे. ती गेली की मिळकत तिच्या वारसांकडे नाही, नवऱ्याच्या मागच्या वारसांकडे जाई. इंग्रजी अमदानीत त्यांना ‘रिव्हर्शनर’ म्हणत. हे बहुधा दीर, पुतणे, चुलते असत. बाईनं आजारपणासाठी शेताचा एक तुकडा विकला, तरी हे रिव्हर्शनर दावा लावायला मोकळे. आणि नवरा एकत्र कुटुंबात असतानाच गेला, तर तेवढंही नाही. त्याचा हिस्सा सरळ भावांकडे, बाईला अन्नवस्त्र. पोटगी हा शब्द पोटावरूनच आला आहे. पोटाला मिळेल, त्यापलीकडे विचारू नये.

आपल्या समाजात हे असंच होतं का? ग्रंथांत तरी नाही. भद्रबाहुसंहिता आणि अर्हन्नीति या ग्रंथांत वारसाहक्काची चर्चा आहे. जे. एल. जैनी यांनी १९१६ मध्ये आणि बॅरिस्टर चंपतराय जैन यांनी १९२६ मध्ये जैन कायद्यावर पुस्तकं काढून हे नियम इंग्रजी जाणणाऱ्या वकील-न्यायाधीशांपुढे मांडले. नवऱ्यामागे पहिली वारस त्याची पत्नी, मुलाच्याही आधी, आणि तिचा हक्क पूर्ण, हे त्यातलं ठळक सूत्र.

यामागे तत्त्वज्ञान आहे. हिंदू धर्मशास्त्रात वारसा आणि पिंडदान यांचं नातं जवळचं आहे. पुत्र हवा तो पितरांना पिंड द्यायला. आपण श्राद्ध मानत नाही. जीव आपल्या कर्मानं पुढच्या गतीला जातो, मागे राहिलेल्याच्या पिंडानं त्याचं काही अडत नाही. मग मुलगा हा घर चालवायला, माया करायला हवा असतो. परलोकाचं कारण एकदा बाजूला काढलं, की बायकोला मागे ढकलायलाही कारण उरत नाही.

हा विचार कोर्टात चालला, असा मोठा खटला ‘शिवसिंग राय विरुद्ध दाखो’. लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनं तो १८७८ मध्ये निकाली काढला. दाखो ही अग्रवाल सरावगी जैन विधवा. समाजाची वहिवाट काय, यावर साक्षी झाल्या आणि कौन्सिलनं मान्य केलं की दिल्ली आणि वायव्य प्रांतातल्या शहरांत या समाजाची निपुत्रिक विधवा नवऱ्याच्या स्वकष्टार्जित मिळकतीची पूर्ण मालकीण होते, ती विकू शकते, आणि नवऱ्याची परवानगी नसतानाही दत्तक घेऊ शकते. मुलीचा मुलगासुद्धा दत्तक चालतो. नवऱ्याच्या नातेवाइकांना विचारायची गरज नाही. पुढे १८८९ मध्ये मुर्शिदाबादच्या प्रसिद्ध जगत सेठ घराण्यातल्या प्राणकुमारी बीबींच्या खटल्यात कलकत्ता हायकोर्टानं ओसवाल जैन विधवेचा दत्तक घेण्याचा हक्क असाच मानला.

हे वाचून छाती फुगते खरी, पण निकालातली मर्यादाही वाचली पाहिजे. हक्क मिळाला तो ‘वहिवाट’ म्हणून, आणि तोही स्वकष्टार्जित मिळकतीत. वडिलोपार्जित मिळकतीला तो लागू नव्हता. आपल्या मुंबई इलाख्यात हायकोर्टानं १८७३ मध्येच, ‘भगवानदास तेजमल विरुद्ध राजमल’ या खटल्यात, धोरण ठरवलं होतं: वेगळी रूढी सिद्ध केली नाही, तर जैनांना हिंदू कायदाच लागू. आता ‘सिद्ध करायची’ म्हणजे काय, याचा विचार करा. नवरा गेलेल्या, पडद्यातल्या, अक्षरओळख नसलेल्या बाईनं वकील द्यायचा, आणि समाजातले प्रतिष्ठित पुरुष साक्षीला आणायचे. ते पुरुष कोण? बहुतेक वेळा दिराच्याच पंगतीला बसणारे. एका जातीची, एका गावची रूढी सिद्ध झाली, तरी दुसऱ्या गावच्या बाईला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. ग्रंथात पहिल्या नंबरावर असलेली बाई व्यवहारात शेवटी उभी राहिली, ती अशी.

बाहेरच्या समाजांतही दुसरे काटे होतेच. १८५६ च्या विधवाविवाह कायद्याचं आपण कौतुक करतो, आणि करायलाच हवं. पण त्यातच एक कलम होतं: विधवेनं पुन्हा लग्न केलं, की पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा तिचा हक्क संपला, जणू ती मेलीच. मुंबईच्या जयंतीबाईंनी डॉक्टर सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह करण्याआधी पहिल्या नवऱ्याकडून आलेली मिळकत आपल्या लहान मुलीच्या नावे केली. ती मुलगी म्हणजे रखमाबाई. पुढे डॉक्टर झालेल्या, आणि त्याआधी बालपणीच्या लग्नाला नकार देऊन १८८४ पासून कोर्ट गाजवणाऱ्या. त्या गाजलेल्या खटल्यामागे या मिळकतीचंही कारण होतं, असं तेव्हाही बोललं गेलं. आज मात्र तसं राहिलेलं नाही. नवऱ्याच्या मृत्यूच्या क्षणी बायकोला मिळालेला वाटा तिनं नंतर लग्न केलं म्हणून जात नाही.

विधवेच्या वाट्याचा प्रश्न कायदेमंडळात रेटला तो एका मराठी माणसानं, मुंबईचे शल्यविशारद डॉ. गोपाळराव विनायक देशमुख यांनी. १९३७ चा स्त्रियांच्या मालमत्ता हक्काचा कायदा ‘देशमुख कायदा’ म्हणूनच ओळखला जातो. त्यांच्या मूळ विधेयकात मुलींचाही विचार होता. तो गाळला गेला आणि विधवा तेवढी राहिली. तिला मुलाबरोबरीचा वाटा मिळाला, एकत्र कुटुंबातला नवऱ्याचा हिस्साही तिच्याकडे आला, वाटणी मागण्याचा अधिकारही आला. पण सगळं पुन्हा हयातीपुरतंच! शिवाय १९४१ मध्ये फेडरल कोर्टानं सांगितलं की हा कायदा प्रांतांतल्या शेतजमिनीला लागू होत नाही. काही प्रांतांनी नंतर स्वतंत्र कायदे करून ती उणीव भरली. ज्या देशात मिळकत म्हणजेच शेत, तिथे शेताशिवायचा हक्क म्हणजे पाण्याशिवायची विहीर. नंतर डॉ. आंबेडकरांनी हिंदू कोड बिलासाठी जीव टाकला, ते रखडलं म्हणून १९५१ मध्ये मंत्रिपद सोडलं. पुढे ते बिल तुकड्यातुकड्यानं मंजूर झालं. त्यातला एक तुकडा म्हणजे १९५६ चा उत्तराधिकार कायदा. तो जैन, बौद्ध आणि शीख यांनाही लागू आहे, हे त्याच्या दुसऱ्याच कलमात लिहिलेलं आहे. रूढी सिद्ध करायचं ओझं तिथे उतरलं.

आता पुन्हा खिलोनाबाईंकडे. नव्या कायद्याच्या चौदाव्या कलमात म्हटलं होतं की स्त्रीच्या ताब्यात असलेली मिळकत, ती कायदा येण्याआधी मिळालेली असो वा नंतर, यापुढे तिच्या पूर्ण मालकीची. भांडण ‘ताबा’ या शब्दावर होतं. आजीच्या ताब्यात होतं काय? ना किल्ली, ना शेत, ना दुकान. जुन्या शास्त्राप्रमाणे आई किंवा आजीचा वाटा प्रत्यक्ष वाटे पडेपर्यंत जन्मालाच येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं ताब्याचा अर्थ मोठा केला. हातात असणं एवढाच ताबा नव्हे, हक्क असणं हाही ताबा. हुकूमनाम्यानं हिस्सा ठरवून दिला, तेव्हा तो तिचा झाला. १७ जूनला तो पूर्ण मालकीचा झाला. म्हणून ३ जुलैनंतर तो कुटुंबाच्या सामाईक ढिगात गेला नाही, तिचे वारस म्हणून तिच्या नातवांकडे गेला. त्याच खटल्यात घरातल्या आणखी एका विधवेनं नवऱ्याच्या परवानगीशिवाय घेतलेला दत्तकही ग्राह्य ठरला. त्यासाठी न्यायमूर्तींनी दाखोच्या काळापासूनचे निकाल पुढे ठेवले होते. चौऱ्याऐंशी वर्षांपूर्वी एका जैन विधवेनं लढून मिळवलेला कागद दुसरीच्या कामी आला.

पंधरा वर्षांनी, १९७७ मध्ये, आंध्रातल्या तुलसम्मा यांच्या खटल्यात न्यायालय आणखी पुढे गेलं. नवरा १९३१ मध्ये वारलेला. दिरावर त्यांनी १९४४ मध्ये पोटगीचा दावा लावला. १९४९ च्या तडजोडीत थोडी मिळकत मिळाली, ‘हयातीपुरती’ असं लिहून. त्यांनी पुढे त्यातली काही विकली, तेव्हा दीर पुन्हा कोर्टात. न्यायालयानं सांगितलं की पोटगी हा विधवेचा आधीपासूनचा हक्क आहे, कुणी केलेला उपकार नव्हे. त्या हक्कापोटी जे दिलं, ते १९५६ नंतर पूर्ण तिचं, तडजोडीत काहीही लिहिलेलं असो. दाव्यापासून या शब्दांपर्यंत तेहतीस वर्षं गेली.

आता आपल्या दारातली गोष्ट. इच्छापुरातल्या कित्येक घरांची जमीन हद्दीच्या दोन्ही बाजूंना आहे. इकडे पटवारी, खसरा, बी-वन आणि नामांतरण. तिकडे मुक्ताईनगरकडे तलाठी, सातबारा आणि फेरफार. कचेऱ्या वेगळ्या, शब्द वेगळे, पण वारसाचा कायदा दोन्हीकडे एकच. मृत्युपत्र नसेल तर नवऱ्याच्या स्वतःच्या मिळकतीत पत्नी, प्रत्येक मुलगा, प्रत्येक मुलगी आणि नवऱ्याची आई यांना सारखा वाटा. समजा, मागे पत्नी, एक मुलगा, एक मुलगी आणि सासूबाई आहेत, तर प्रत्येकी चार आणे. सासऱ्यांना आणि दिरांना त्यात काहीही नाही, कारण वरच्या वर्गातला एकही वारस असेपर्यंत त्यांची पाळी येत नाही. एकत्र मिळकत असेल तर आधी नवऱ्याचा हिस्सा वेगळा काढायचा, मग त्याचे असे वाटे. घर सासऱ्यांच्या स्वतःच्या मालकीचं असेल तर सुनेला मालकी नाही, पण राहण्याचा हक्क आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली तो मिळतो, आणि लग्नानंतर महिनाभरातच पती गमावलेल्या प्रभा त्यागी यांच्या खटल्यात २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो विधवेलाही ठामपणे दिला. बँकेत तुमचं नाव ‘नॉमिनी’ म्हणून असेल, तर मात्र तेवढ्यावर विसंबू नका. नॉमिनीनं पैसे स्वीकारायचे, वाटणी वारसांप्रमाणे, हे ठरलेलं आहे.

सासूबाईंचे चार आणे पाहून कपाळाला आठी घालू नये. खिलोनाबाई कुणाची तरी सासूच होत्या. आजची सून ही उद्याची तीच आहे.

एवढं सगळं असताना बाई रिकामी का राहते? कारण उठावण्यानंतर दोन-चार दिवसांत एक कागद पुढे येतो. ‘वहिनी, इथे सही करा, फक्त कचेरीच्या कामासाठी.’ तो कागद हक्कसोडीचा असतो. रजिस्टर झालेली हक्कसोड परत फिरवायची तर कोर्टात फसवणूक किंवा दडपण सिद्ध करावं लागतं, आणि ते दाखोच्या साक्षीपुराव्याइतकंच जिकिरीचं. दुःखाच्या दिवसांत कशावरही सही करायची नाही, हा नियम आपण मुलींना लग्नाआधीच शिकवायला हवा. शोकाचे दिवस सरले की मृत्यूचा दाखला घ्यायचा, वारस म्हणून नोंदीसाठी अर्ज करायचा, पोच जपून ठेवायची. नोंदीनं मालकी मिळते असं नाही, ती कायद्यानं आधीच मिळालेली असते. पण नाव नसलं की पुढे प्रत्येक दारात तुम्हालाच पुरावा मागतात.

आणि कागदाबरोबर एक उपदेश येतो, तो मला जास्त खुपतो. ‘तुम्हाला आता काय करायचंय मिळकतीचं? धर्मध्यान करा.’ अपरिग्रहाचं नाव घेऊन बाईला तिच्या वाट्यावर पाणी सोडायला सांगतात. अपरिग्रह हे व्रत आहे, आणि व्रत ज्याचं त्यानं घ्यायचं असतं. आपलं व्रत दुसऱ्याकडून करून घेता येत नाही. विधवेनं परिग्रह सोडावा म्हणणाऱ्या दिरानं आपल्या परिग्रहाचं परिमाण केलेलं असतं का? त्याच पाच अणुव्रतांत अचौर्य आहे. न दिलेलं घेणं म्हणजे अदत्तादान. भावजयीचा वाटा तिनं मनापासून दिलेला नसताना ठेवून घेणं हे याच नावाखाली येतं. पर्युषणात आणि दशलक्षणात आपण दरवर्षी ही व्रतं ऐकतो. उदाहरण म्हणून चोराचं नाव घेतो, घरच्या तिजोरीचं घेत नाही. ज्या बाईला खरोखर त्याग करायचा असेल, तिनं आधी मालकीण व्हावं. जे आपलं झालंच नाही, त्याचा त्याग कसा करणार?

मालकीण झाल्यावर एक काम मात्र राहतं, ते म्हणजे मृत्युपत्र. नारायणीदेवी नावाच्या बाईंचा नवरा लग्नानंतर तीन महिन्यांतच वारला. सासरच्यांनी घराबाहेर काढलं. माहेरी राहून त्या शिकल्या, नोकरी केली, पैसा साठवला. १९९६ मध्ये त्या गेल्या, मृत्युपत्र न करता. मूलबाळ नव्हतं. कायद्याच्या पंधराव्या कलमाप्रमाणे अशा बाईची स्वतः मिळवलेली मिळकतही माहेरच्यांच्या आधी नवऱ्याच्या वारसांकडे जाते. ज्या घरानं बाहेर काढलं, त्याच घरच्या नणंदेच्या मुलांना ती मिळाली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सहानुभूती दाखवली, पण कायदा आहे तसाच लावला. साध्या कागदावर, दोन साक्षीदारांसमोर चार ओळी लिहिल्या असत्या, तर ते सगळं तिच्या मनासारखं गेलं असतं. मृत्युपत्राला स्टँप लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही, तरी केलेली बरी.

खिलोनाबाईंना त्या सोळा दिवसांत आपण मालकीण झालो, हे कुणी सांगितलं होतं का? निकालपत्रात त्याबद्दल काही नाही. तुम्हाला मात्र आता ठाऊक आहे. मंदिरातून घरी गेल्यावर कपाटातली घराची, शेताची, बँकेची कागदपत्रं एकदा काढा, कुणाचं नाव कुठे आहे ते वाचा, आणि ज्या घरात नुकतंच कुणी गेलं आहे त्या घरच्या बाईला सही करण्याआधी वाचून पाहायला सांगा.